प्लेअर्स हँडबुक (2014): एल्फ मोठा कधी होतो?

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एक कॅरेक्टर घेऊन फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ, त्याच्या पाचव्या एडिशनचं हे नियमांचं पुस्तक मी चार वर्षं वापरतेय, 320 पानं आहेत, पण आज फक्त वयाबद्दल लिहिते कारण नवीन डीएम (खेळ चालवणारे) लोकं तो भाग सरळ सोडून देतात.

पुस्तकात माणसांशिवाय काल्पनिक जमातीही आहेत, त्यात एल्फ साधारण 750 वर्षं जगतो, ड्वॉर्फ 350, हाफलिंग दीडशेच्या आसपास. खरी मजा पुढे आहे. एल्फचं शरीर माणसाच्याच वेगाने वाढतं, म्हणजे विशीत तो दिसायला पूर्ण मोठा, पण त्यांच्या हिशोबाने मोठेपण म्हणजे नुसती उंची नाही, जग बघितलेलं असणं, म्हणून शंभरीला आल्यावर तो स्वतःला मोठा म्हणवतो आणि नवीन नाव घेतो, दुसरं बारसंच म्हणा ना. ड्वॉर्फलाही पन्नाशीपर्यंत घरचे लहानच समजतात.

मला हे फार पटतं. आधीच्या साडेतीन एडिशनमध्ये (2003) वयाचं टेबल, म्हणजे तक्ता होता, एल्फ 110 वर्षांनी सज्ञान आणि विझार्ड (जादूगार) व्हायचं तर अजून दहा डाइस (फासे) टाकून येतील तेवढी वर्षं त्यात मिळवायची, म्हणजे कमीत कमी 120. माणूस तेच सतराव्या वर्षी शिकून मोकळा. मग उरलेली शंभर वर्षं एल्फ करत काय होता, लंगोटात होता का? याचं उत्तर मला कधीच सापडलं नाही.

पण त्या टेबलात एक गोष्ट होती जी इथे नाही आणि तिची उणीव मला खूप जाणवते. माणूस 35 ला मध्यमवयीन, 53 ला म्हातारा, एल्फ 175 आणि 263 ला, आणि प्रत्येक टप्प्यावर ताकद, चपळाई कमी, शहाणपण जास्त. 2014 मध्ये वयाचा कॅरेक्टरच्या या आकड्यांवर काहीच परिणाम नाही.

आमच्या खेळात मागच्या पावसाळ्यात हे नडलं. मॉन्स्टर मॅन्युअलमधलं (खेळातल्या राक्षसांचं पुस्तक) भूत आहे ना, त्याचा चेहरा बघून सेव्ह (वाचण्यासाठी टाकलेला फासा) पाचने किंवा जास्तने चुकला तर वय एक डी4 (चार बाजूंचा फासा) गुणिले दहा वर्षांनी वाढतं. माझ्या मावसबहिणीचं माणसाचं कॅरेक्टर 22 चं, शेजारी 130 चा एल्फ, दोघांचाही सेव्ह गेला, दोघांनाही चार पडले. एल्फ 170 चा झाला, कोणाला फरकही कळला नाही. बहिणीची बाई थेट 62 ची. टेबलवर सगळे गप्प. ग्रेटर रिस्टोरेशन या स्पेलने (मंत्राने) वय परत येतं पण 24 तासांच्या आत, आणि तो पाचव्या लेव्हलचा स्पेल, आमचा क्लेरिक (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारा) तेव्हा कुठे तिथवर पोचलेला. आता 62 ची म्हणजे काय बदललं, पुस्तक एक शब्द बोलत नाही. शेवटी साडेतीन एडिशनचंच वयाचं टेबल वापरलं, ताकद तीनने कमी, शहाणपण दोनने जास्त.

2024 ची आवृत्ती आलीये, तिथे या जमातींना रेसच्या जागी स्पीशीज म्हणतात. पण वयासाठी मी अजून 2014 चंच उघडते, त्या दोन-तीन ओळींसाठी. पाचपैकी चार स्टार.

बहिणीने तरुण व्हायचा उपाय नंतर शोधलाच नाही. तिची बाई आता काठी टेकत पुढे चालते आणि एल्फ तिला आजी म्हणतो, 108 वर्षांनी मोठा असून.