आधी पंप बदलावा की आधी गळती काढावी?

पाणीपुरवठ्यासाठी हाती आलेला मर्यादित निधी नव्या पंपांवर खर्च करावा की गळती काढण्यावर, हा पेच नगरपरिषदेने सोडवताना आधी धरण शहराच्या वर आहे की खाली, हे पाहावे. तानसाचे पाणी मुंबईला मुख्यतः उताराने येते, त्यामुळे ते वाचवून उपशाची वीज फारशी वाचत नाही. जायकवाडीचे पाणी मात्र छत्रपती संभाजीनगरला उपसूनच चढवावे लागते आणि वाटेत मुरलेल्या पाण्याबरोबर त्यावर खर्चलेली वीजही मातीत जाते.

हजार लिटर पाणी 100 मीटर चढवण्यास किमान 0.27 युनिट वीज लागते. समजा, एखादी योजना घर्षणासह एवढ्याच उंचीवर रोज 1 कोटी लिटर पाणी चढवते, पंप व मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता 60 टक्के आहे आणि गळती 30 टक्के. तर रोज सुमारे 4,540 युनिट लागतील. पंप बदलून कार्यक्षमता 70 टक्क्यांवर नेल्यास सुमारे 650 युनिट वाचतात. गळती 20 टक्क्यांवर आणल्यास नळांना तेवढेच पाणी देऊन सुमारे 570 युनिट वाचतात, शिवाय धरणातून साडेबारा लाख लिटर कमी उचलावे लागते. वीजबचत जवळजवळ सारखीच. पाणी मात्र दुसऱ्याच पर्यायात वाचते.

तरीही पंपाला पसंती मिळते, कारण ते काम एका निविदेत उरकते आणि पुढच्याच बिलात दिसते, तर गळतीसाठी रस्ते खोदावे लागतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. आजच्या गळतीसह मोजलेल्या प्रवाहासाठी घेतलेला पंप गळती थांबल्यावर मोठा ठरतो. पंपघरात डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून बाहेर जाणाऱ्या नळावरचा, व्हॉल्व्ह अर्धा बंद दिसला आणि ‘पूर्ण उघडला तर मोटर अँपिअर जास्त घेते’ असे ऑपरेटरने सांगितले, तर तेथील पंप बहुधा गरजेपेक्षा जास्त हेडचा, म्हणजे जास्त उंचीवर पाणी चढवण्यासाठी बनवलेला आहे, असे समजावे. तेथे नव्या पंपाआधी इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे फिरते चाक) तासून लहान करून घेण्याचा स्वस्त उपाय तपासावा.

सौर पॅनेलने बिल उतरते, पाणी वाचत नाही. म्हणून तो पर्याय येथे तिसरा.

एक अपवाद आहे. दिवसाआड पाणी मिळणाऱ्या शहरात वाचलेले पाणी लगेच वाटले जाते, त्यामुळे गळती काढूनही बिल उतरत नाही. तेथे केवळ बिल कमी करायचे असेल, तर पंपच आधी घ्यावा.