सशाला अंघोळ घालण्यास नकार देणारी स्वच्छता सेवा

आमच्या वयस्कर सशाच्या मागच्या भागाचे केस लघवीने पिवळे पडून चिकटू लागले, तेव्हा एका पार्लरने त्याला टबात बसवून शाम्पू लावण्याची तयारी दाखवली होती. कोथरूडमधील ज्या प्राणी दवाखान्याच्या स्वच्छता सेवेबद्दल मी लिहीत आहे, तेथे मात्र पूर्ण अंघोळ घातली जाणार नाही, असे आधीच स्पष्ट करण्यात आले. सशाचे दाट केस मुळापर्यंत भिजले की लवकर वाळत नाहीत आणि तोवर अंगातील ऊब कमी होत जाते. शिवाय घाबरून त्याने मागचे पाय जोरात झाडले, तर त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो.

ससा टेबलावर टॉवेल अंथरून नेहमीच्या बैठकीतच ठेवला होता, कारण उताणा केलेला ससा निपचित पडतो तो भीतीने, आरामाने नव्हे. सुकलेल्या घाणीवर कॉर्नफ्लोअर भुरभुरून ती बारीक दातांच्या फणीने हलकेच मोकळी केली. टाल्कम पावडर श्वासातून फुप्फुसात जाते, म्हणून ती वापरत नाहीत. जे निघाले नाही, तेवढाच भाग साबणाविना कोमट पाण्याने धुऊन लगेच टिपून कोरडा केला. त्वचा फार पातळ असल्यामुळे गुंत्यांना कात्री लावली नाही, ही काळजी मला विशेष मोलाची वाटते.

त्याहून मोलाचे म्हणजे, निरोगी ससा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो, मग हा का ठेवत नाही, हा प्रश्न त्यांनी विचारला. वजन व दात तपासून एक्स-रे काढल्यावर मणक्याचा संधिवात निघाला. मान मागे वळवणेच त्याला जमत नव्हते. वेदनाशामक औषध सुरू झाले, पेलेट (गोळ्यांच्या रूपातील तयार खाद्य) कमी करून वाळलेले गवत वाढवण्यास सांगितले. पावसाळ्यात ओलसर केसांत माश्या अंडी घालतात आणि दिवसभरातच अळ्या होऊ शकतात, म्हणून रोज दोनदा मागचा भाग पाहण्याची सूचना मिळाली. कुत्र्यांसाठीचा फिप्रोनिल या पिसू-गोचीडनाशकाचा स्प्रे सशाच्या जिवावर बेतू शकतो, हेही त्यांनी बजावले.

दर पार्लरपेक्षा बरेच जास्त आहेत, पण ते मला योग्य वाटतात. उणीव एकच, पण गंभीर आहे: प्रतीक्षेची खोली कुत्र्यांसोबत सामायिक आहे. तेथे जाणाऱ्यांनी दिवसाची पहिली वेळ मागून घ्यावी आणि पिंजऱ्यावर हवा खेळती राहील असे सुती कापड टाकावे.