एसएमपीएस टेस्टर: बंद संगणकापुढे त्याचा शब्द कुठवर मानावा

डेस्कटॉप संगणकाचे बटण दाबूनही पंखा फिरला नाही आणि दिवा लागला नाही, की पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे भिंतीवरची वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलून देणाऱ्या पेटीवर, जातो. दुरुस्तीच्या अनेक दुकानांत पहिला बदलही त्याचाच होतो. हा संशय खरा की खोटा हे घरच्या घरी ठरवता यावे, म्हणून मी एलसीडी पडद्याचा एसएमपीएस टेस्टर घेतला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत तो हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. घरचा संगणक, नातेवाइकांचे संगणक आणि सोसायटीच्या कार्यालयातील जुना संच यांवर तो वापरून झाल्यावर माझे मत असे झाले आहे, की हे उपकरण ‘खराब’ म्हणते तेव्हा ते मानावे, पण ‘ठीक’ म्हणते तेव्हा तपासणी तिथेच थांबवू नये.

हे टेस्टर एकाच घडणीचे असून निरनिराळ्या नावांनी विकले जातात, त्यामुळे नाव पाहून निवड करण्यात फारसा अर्थ नाही. तळहाताएवढ्या पेटीला २४ पिनांच्या मुख्य जोडणीसाठी एक खाच असते. प्रोसेसरची ४ किंवा ८ पिनांची जोडणी, ग्राफिक्स कार्डाची जोडणी, साटा (नव्या डिस्कची जोडणी) आणि जुन्या हार्ड डिस्कची चार पिनांची जोडणी यांसाठी वेगळ्या खाचा असतात. एसएमपीएसच्या वायरी मदरबोर्डपासून (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डापासून) सोडवून टेस्टरला जोडल्या आणि वीज सुरू केली, की टेस्टर स्वतःच एसएमपीएसला चालू होण्याचा इशारा देतो आणि पडद्यावर सर्व दाब (व्होल्टेज) एकत्र दाखवतो. १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या दाबांत, तसेच संगणक बंद असतानाही चालू राहणाऱ्या ५ व्होल्टच्या स्टँडबाय दाबात, एटीएक्स या डेस्कटॉपच्या एसएमपीएससाठीच्या मानकाच्या नियमानुसार ५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे १२ व्होल्टची वायर ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असली पाहिजे. उणे १२ व्होल्टला १० टक्क्यांची सूट आहे. मर्यादा ओलांडली गेली, की टेस्टर शिटी वाजवतो आणि आकड्याच्या जागी दाब कमी असल्याची किंवा जास्त असल्याची खूण दाखवतो.

या आकड्यांच्या शेजारी ‘पीजी’ (पॉवर गुड) नावाचा एक आकडा मिलिसेकंदांत येतो आणि माझ्या मते या उपकरणाची खरी किंमत त्यात आहे. सर्व दाब स्थिर झाल्यावर एसएमपीएस मदरबोर्डला ‘आता सुरू हो’ असा संकेत देतो. तो १०० ते ५०० मिलिसेकंदांच्या आत यावा अशी अपेक्षा असते. दाब बरोबर असूनही हा संकेत आला नाही, तर पंखे फिरतात पण संगणक पुढे सरकत नाही. साध्या मल्टिमीटरने (व्होल्ट वगैरे मोजण्याच्या हातातल्या उपकरणाने) इतका अल्प काळ मोजता येत नाही. सोसायटीच्या संचात नेमका हाच आकडा मर्यादेबाहेर होता. दुसरा एसएमपीएस लावताच तो संच चालू झाला, त्यामुळे मदरबोर्ड बदलण्याचा आधी मिळालेला सल्ला बाजूला ठेवता आला.

आजच्या बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या आणि चपट्या असतात, हेही टेस्टरच्या बाजूने बोलते. पूर्वी हिरवी वायर काळीला जोडून एसएमपीएस चालू करून पाहण्याची युक्ती सर्रास वापरली जाई. रंगच नसल्यावर त्या हिरव्या वायरीची १६ वी पिन मोजून शोधावी लागते आणि चुकीच्या पिनेत तार गेली तर धोका आहे. टेस्टरमध्ये जोडणी एकाच बाजूने बसत असल्याने ही जोखीम उरत नाही.

आता त्याची उणी बाजू. टेस्टर एसएमपीएसवर जो भार टाकतो तो अगदी नाममात्र असतो; प्रोसेसर, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड मिळून जेवढी वीज ओढतात त्याच्या आसपासही तो जात नाही. त्यामुळे रिकाम्या हाताने ताठ उभा राहणारा आणि ओझे देताच गुडघे टेकणारा एसएमपीएस या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतो. एका नातेवाइकांचा संगणक बटण बऱ्याचदा दाबल्यावर कधीतरी सुरू होई. टेस्टरवर सर्व आकडे निर्दोष आले. पुढे एसएमपीएस मदरबोर्डला जोडलेला असतानाच जांभळ्या वायरीवर मल्टिमीटर लावला, तेव्हा स्टँडबायचे ५ व्होल्ट ४.७५ च्या बरेच खाली गेलेले दिसले. यामागचे कारण समजण्यासारखे आहे: भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत स्टँडबायचा भाग संगणक बंद असतानाही अखंड काम करतो, त्यामुळे त्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे सुटे भाग) बाकीच्यांच्या आधी थकतात. एसएमपीएस बदलल्यावर ती तक्रार मिटली.

दुसरी मर्यादा अशी, की बटणाचा इशारा एसएमपीएसपर्यंत पोहोचतो की नाही, हे टेस्टर पाहूच शकत नाही, कारण तो मदरबोर्डला वगळूनच काम करतो. त्यासाठी सर्व जोडण्या जागेवर ठेवून हिरव्या वायरीवरचा दाब पाहावा लागतो. संगणक बंद असताना तिथे ५ व्होल्टच्या जवळपास दाब असतो आणि बटण दाबल्यावर तो शून्याजवळ आला पाहिजे. तो खाली येत नसेल तर दोष बटणाकडे, त्याच्या वायरीकडे किंवा मदरबोर्डकडे आहे. मदरबोर्डवर जिथे बटणाच्या वायरी येतात त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवल्या आणि संगणक सुरू झाला, तर कॅबिनेटचे बटणच गेले आहे असे समजावे. उलट दाब खाली येतो, पण पंखा फिरत नाही किंवा एक झटका घेऊन थांबतो, अशी स्थिती असेल तर एसएमपीएस तरी दोषी आहे किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट झाल्यामुळे तो स्वतःला बंद करून घेतो आहे. ही सगळी तपासणी दोन-तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरने होते.

टेस्टरचा पडदाही एसएमपीएसच्याच विजेवर चालतो, ही गोष्ट सोबतच्या चिठोऱ्यात नीट सांगितलेली नाही. पडदा मुळीच उजळला नाही तर एसएमपीएस मेला असे लगेच ठरवू नये. भिंतीवरचा सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएस, पॉवर कॉर्ड आणि एसएमपीएसच्या पाठीवरचे लहान बटण आधी पाहावे. मोडेम किंवा चार्जर त्याच सॉकेटवर लावून पाहिला की शंका फिटते. जुन्या एसएमपीएसवर लाल रंगाचे ११५-२३० चे बटण असेल तर ते २३० वरच हवे. एसएमपीएसची पेटी मात्र उघडू नये. वीज काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो.

घडणीबद्दल बोलायचे तर प्लास्टिक साधारण आहे आणि २४ पिनांची खाच इतकी घट्ट आहे, की जोडणी काढताना पेटी दोन्ही हातांनी धरावी लागते. भारासाठी बसवलेले रोधक (रेझिस्टर) तापत असल्याने टेस्टर आकडे वाचण्यापुरताच जोडून ठेवावा. काही ब्रँडेड कंपन्यांच्या लहान डेस्कटॉपमध्ये कंपनीची स्वतःची वेगळी जोडणी असते आणि नव्या एटीएक्स-१२व्हीओ पद्धतीत मुख्य जोडणीच १० पिनांची आहे. अशा संगणकांसाठी हा टेस्टर निरुपयोगी ठरतो.

घरी एकच संगणक असेल तर मल्टिमीटर घ्यावा, टेस्टरवर पैसे घालू नयेत. शाळेची प्रयोगशाळा, डीटीपीचे दुकान किंवा लहान कार्यालय सांभाळणाऱ्याने मल्टिमीटर तर ठेवावाच, पण जोडीला टेस्टर असला तर दहा संचांतून वाईट एसएमपीएस वेगळे काढण्याचे काम फार लवकर उरकते. विकत घेताना दुकानदाराला एखादा चालू एसएमपीएस लावून दाखवायला सांगावे, आणि २४ पिनांच्या खाचेबरोबर प्रोसेसरच्या ८ पिनांच्या खाचेवरही आकडा उमटतो का, हे काउंटरवरच पाहून घ्यावे.