मापात पाप नक्की कुणाचं? घरच्या वॅक्स मेल्टचे आठ महिने

मागच्या आठवड्यात वजनकाट्याच्या कंपनीकडून तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं, "सर, प्रॉडक्टमध्ये फॉल्ट आढळला नाही." म्हटलं आता एकदा सगळं लिहूनच टाकू. वॅक्स मेल्ट म्हणजे तापवली की वास सोडणारी, सुगंधी तेल घातलेली मेणाची वडी. ती कशी करतात हे सांगत बसत नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत. मी लिहितोय ते व्हिडिओत कुणीच सांगत नाही त्याबद्दल.

सुरुवात झाली कंजूषपणातून, लपवत नाही. बायकोने गेल्या वर्षी एक पाकीट आणलं, सहा वड्या २९९ रुपये. म्हणजे एकीचे पन्नास. संध्याकाळी ती वडी इलेक्ट्रिक कपूरदाणीवर ठेवली, तीन-चार तासांत वास संपला आणि मेण तसंच्या तसं मागे! मेण उडत नाहीच, उडतं ते फक्त तेल, म्हणजे पन्नास रुपये नक्की कशाचे दिले हा प्रश्न मला रात्री झोपताना पडला. गणपती झाल्यावर पुण्यातल्या बोहरी आळीत जाऊन दोन किलो सोया मेण आणलं (किलोला ३८०), गवती चहाच्या इसेन्शिअल ऑईलच्या १० मिलीच्या तीन बाटल्या ऑनलाइन मागवल्या, १६० ची एक, आणि ४४९ रुपयांचा डिजिटल किचन काटा. पाच किलोपर्यंतचा, एका ग्रामच्या फरकाने दाखवणारा. साचा विकत घेतला नाही. आईचा सिलिकॉनचा मोदकाचा साचा घरात होता, म्हटलं धुऊन ठेवू. याचं पुढे काय झालं ते शेवटी.

हिशोब सोपा होता. १५० ग्राम मेण, त्याच्या ६ टक्के म्हणजे ९ ग्राम तेल. या तेलाची १० मिलीची बाटली साधारण ९ ग्राम भरते, कारण ते पाण्याहून हलकं असतं. एक बाटली, एक घाणा, बारा मोदक, मोदकामागे अठरा रुपये. कागदावर एकदम फिट्ट.

पातेल्यात पाणी, त्यात छोटं भांडं, मेण ७५ डिग्रीपर्यंत, गॅस बंद, ६५ ला आलं की भांडं पुसून काट्यावर, शून्य करायचं आणि तेल थेंब थेंब टाकायचं. बाटलीच्या तोंडाशी ते प्लॅस्टिकचं बूच असतं ना, त्यातून तेल धारेने येतच नाही, टप टप टपच येतं. तर मी टाकतोय, टाकतोय, काटा शून्य. बऱ्याच वेळाने १. मग परत ढिम्म. अख्खी बाटली उपडी केली, हलवली, आपटली, आणि काटा दाखवतोय ५. मधेच तो झोपला पण, कारण दीड मिनिट आकडा हलला नाही की बंद पडतो. म्हणजे पुन्हा चालू करा, पुन्हा शून्य, आधीचं किती झालं ते डोक्यात ठेवा.

आता ९ च्या जागी ५ दिसल्यावर माझ्यासारखा माणूस काय समजणार? तेलवाला चोर. मापात पाप. दुसरी बाटली फोडली, काट्यावर ९ होईपर्यंत ओतली, आणि रात्री तेलवाल्याला सणसणीत मेसेज टाकला, फोटोसकट. एक स्टार पण देऊन टाकला. त्या बिचाऱ्याने वाद न घालता दोन बाटल्या फुकट पाठवल्या. त्याही काट्यावर पाचाच्या वर गेल्या नाहीत. माझा संशय पक्का झाला, मित्रांना पण सांगितलं की यांच्याकडून घेऊ नका.

इकडे मोदकांना घाम फुटायला लागला. साच्यातून काढले तेव्हा छान, दोन दिवसांनी वर तेलाचे थेंब, हात लावला की चिकट. पहिला घाणा टीव्हीच्या कॅबिनेटवर बशीत ठेवलेला, तेल बशीवरून ओघळून खाली गेलं आणि तिथला पॉलिश गोल उडाला. संत्र्याच्या तेलाचे केले ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत ठेवले होते, तर डबीचा तळच मऊ पडून धुरकट झाला. संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं आणि ते तसलं कडक पारदर्शक प्लॅस्टिक विरघळवतं, हे मला नंतर कळलं. तोपर्यंत माझं ठाम मत झालं होतं की सोया मेण तेल धरत नाही, हे सगळं खूळ आहे. मधमाशीचं मेण मिसळून बघितलं, मेणाचा ब्रँड बदलला. डिसेंबरात थंडीने वड्यांवर पांढरी बुरशीसारखी नक्षी आली (ती बुरशी नाही, सोया मेणाचे स्फटिक असतात, वासाला काही होत नाही), तर त्याचाही राग त्या तेलवाल्यावरच काढला.

जानेवारीत एक दिवस सहज, खरंच सहज, भरलेली बाटली काट्यावर ठेवली. ३८. सगळं तेल ओतून झाल्यावर रिकामी ठेवली. २९. म्हणजे ९ ग्राम तेल गेलं होतं आणि भांड्याखाली काटा दाखवत होता ५. मी तीनदा केलं. मग दहा रुपयांचं नाणं ठेवलं, ते ७.७१ ग्रामचं असतं, काट्याने ८ दाखवले. म्हणजे काटा बरोबर! पण मग चार ग्राम जातात कुठे?

आमच्या कोपऱ्यावरच्या सराफांकडे बाटली आणि काटा दोन्ही घेऊन गेलो. ते म्हणाले, "काय हो, तोळाभर घडवायला आणलंत की मोडीत काढायला?" सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "अहो, हे स्वस्तातले काटे शून्यावर स्थिर दिसावेत म्हणून बारीकसारीक हललेलं गिळून टाकतात. थेंबाचं वजन किती, ग्रामचा पंचविसावा-तिसावा हिस्सा. त्याला वाटतं वारा आला, तो परत शून्य धरतो. नाणं एकदम पडतं म्हणून ते दिसतं." घरी येऊन ड्रॉपरने पाण्याचे शंभर थेंब टाकून बघितलं. काटा दाखवतोय २. वाटी आधी आणि नंतर वेगळी मोजली तर ४६ आणि ५१, म्हणजे पाच ग्राम पाणी. माझा काटा तर शून्यावरच नाही, मधे कुठेही थबकला तरी गिळतो.

म्हणजे इतके महिने मी ९ समजून १६ ग्राम तेल ओतत होतो. १५० ग्राम मेणात १६ म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. मेणाला घाम फुटणार नाही तर काय होणार? सोया मेण निर्दोष, तेलवाला निर्दोष. त्याला फोन करून माफी मागितली, दोन फुकट बाटल्यांचे ३२० रुपये पाठवले, स्टार पाच केले. तो म्हणाला "होतं असं साहेब". मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी वळलो काट्याच्या कंपनीकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणे ५०० ग्रामची साखरेची पिशवी ठेवून व्हिडिओ पाठवा. पाठवला. "सर वजन बरोबर येतंय." मी थेंबांचा व्हिडिओ पाठवला, त्यावर उत्तर, "हा किचन काटा आहे." बरं, किचनमध्ये थेंब नसतात का? केशर, यीस्ट, इसेन्स कुणी मोजत नाही? खोक्यावर तुम्ही मोठ्या अक्षरात एका ग्रामची अचूकता छापता, मग हळू टाकलेलं मोजलं जाणार नाही हे एका ओळीत लिहायला काय जातं? वॉरंटी एक वर्षाची आहे आणि मी अजून मागे लागणार आहे, ४४९ रुपयांसाठी नाही, त्या ओळीसाठी. (४४९ साठी पण.)

तोपर्यंत उपाय साधा आहे. तेल वेगळ्या स्टीलच्या वाटीत, वाटी काट्यावरून खाली घेऊन थेंब टाकायचे आणि मग वाटी परत ठेवायची. मी शेवटी ५५० चा छोटा, दागिन्यांचा काटा घेतला, दोनशे ग्रामपर्यंतचा, ग्रामचा शंभरावा हिस्सा दाखवणारा. त्या दिवसापासून एकाही वडीला घाम नाही. आणि १० मिली म्हणजे १० ग्राम हे डोक्यातून काढा, लवंगेचं तेल पाण्याहून जड असतं, ते दहाच्या वर भरतं.

तेलांबद्दल आता मत असं. गवती चहा, सिट्रोनेला आणि निलगिरी पैसा वसूल, हॉलभर वास जातो. लवंग अगदी थोडी पुरते. संत्रं आणि लिंबू मेणात घालणं म्हणजे पैसे उडवणं, तासाभरात वास गायब, शिवाय त्यांचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ ज्योतीने पेटू शकते तो) पन्नास डिग्रीच्या आसपास, म्हणून गॅस चालू असताना जवळ पण नेऊ नका. लव्हेंडर मी जम्मूकडच्या भदरवाहचं मागवलं, वास सुंदर पण मंद, आणि भाव बघून बायको म्हणाली, "हे हातरुमालावर लाव, मेणात नको." दीडशे रुपयांत मोगऱ्याचं इसेन्शिअल ऑईल कुणी देत असेल तर ते मोगऱ्याचं नाही एवढं नक्की. घरात मांजर असेल तर हे सगळं राहू द्या, मांजराच्या लिव्हरला ही तेलं पचवता येत नाहीत.

केल्या केल्या वापरू नका, आठ-दहा दिवस बंद डब्यात मुरू द्या, फरक कळतो. एप्रिलमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर माळ्यावर ठेवलेल्या वड्या एकमेकींना चिकटून एक गोळा झाल्या, उन्हाळ्यात त्या खाली, फरशीजवळच्या कपाटात. वास गेलेलं मेण सिंकमध्ये अजिबात ओतू नका, प्लंबरने सातशे घेतले. आई ते थंड झाल्यावर खिडकीच्या सरकत्या पट्टीला घासते, काचा लोण्यासारख्या सरकतात.

जुना काटा आता साबुदाणा मोजतो, त्यात तो चोख आहे. मोदकाचा साचा मात्र गेला. साबण, सोडा, व्हिनेगर, ऊन सगळं झालं, गवती चहाचा वास जात नाही, आणि गेला असता तरी त्यात आता कुणी उकड भरली नसती. "देवाचा साचा बाटवलास", आई अजून म्हणते. तुळशीबागेतून नवीन आणायचाय, गणपतीच्या आधी.