हौशी शिडहोड्यांची राष्ट्रीय स्पर्धा: मुंबई बंदर की हुसेनसागर?

हौशी स्पर्धकांसाठी शिडाच्या होड्यांची राष्ट्रीय स्पर्धा भरवायची ठरली, की समितीच्या पहिल्याच बैठकीत जागेचा विषय एका बाजूला आणि पैशाचा दुसऱ्या बाजूला पडतो. शर्यत समितीच्या होडीवर अनेक मोसम काढल्यावर माझी खात्री झाली आहे की हे दोन्ही निर्णय एकत्रच घ्यावे लागतात, कारण पाणी बदलले की खर्चही बदलतो. एंटरप्रायझसारख्या दोघांच्या होडीची स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून मुंबई आणि हैदराबाद यांची ही तुलना केली आहे.

मुंबईचा मान मोठा आहे. 1982च्या आशियाई खेळांतील शिडहोड्यांच्या शर्यती येथेच झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. हिवाळ्यात सकाळचे मतलई वारे मंद असतात आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो, त्यामुळे दिवसाला दोन, फार तर तीन शर्यती पदरात पडतात. उधाणाला भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्याही वर जातो, आणि खरी परीक्षा तेथे सुरू होते. एका शर्यतीच्या सुरुवातीला भरतीचा ओघ उत्तरेकडे जोरात वाहत होता. शेवटच्या मिनिटाला सगळा ताफा शिडे सैल सोडून थांबला होता, तरी पाण्याने त्याला सुरुवातीच्या रेषेपलीकडे ढकलले. शर्यत परत बोलावली, तर दुसऱ्या वेळीही तेच झाले. तोवर रेषेचे टोक दाखवणाऱ्या बोयाचा (तरंगत्या खुणेचा) नांगर घसरून रेषाच तिरपी झाली होती. अशा पाण्यावर बचावहोड्या जास्त लागतात, त्या दूरवर जातात आणि पेट्रोल जाळतात. त्यात बंदरातील जहाजांचा मार्ग आणि घारापुरी व मांडव्याच्या लाँच सांभाळाव्या लागतात, आणि बंदर प्राधिकरण, नौदल व पोलीस यांच्याशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागतो.

हैदराबादच्या हुसेनसागर तलावावर भरती-ओहोटी नाही. जुलैमध्ये नैऋत्य मोसमी वारा बहुधा सकाळपासूनच मिळतो, म्हणून शर्यती लवकर उरकतात आणि बचावहोडी काही मिनिटांत कोठेही पोहोचते. लष्कराच्या ईएमई (विद्युत व यांत्रिकी अभियंता दल) या शाखेच्या शिडहोडी संस्थेमुळे तेथे स्पर्धा चालवण्याची जुनी सवय असलेले मनुष्यबळही आहे. उणिवा स्पष्ट आहेत: पाणी स्वच्छ नाही, काठावरच्या इमारतींमुळे वारा सतत दिशा बदलतो, आणि तलावाच्या मध्यभागी बुद्धमूर्तीचे बेट असल्याने मोठ्या ताफ्याला मोकळा मार्ग आखणे अवघड जाते. लाटांवरचे कौशल्य येथे तपासले जात नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र हौशी स्पर्धकाकडे पैशापेक्षाही कमी असते ती रजा, आणि चार दिवसांत दहा शर्यती पूर्ण होण्याची शक्यता जेथे अधिक, तेथे त्याची रजा सार्थकी लागते.

आता पैशाकडे वळू. समजा 40 होड्या येतील असे धरून प्रत्येकी 6,000 रुपये प्रवेशशुल्क ठेवले, तर 2,40,000 रुपये जमतील. प्रत्यक्षात 30 आल्या तर 1,80,000. बचावहोड्या, बोया, पंचांचा प्रवास आणि विमा यांचा खर्च मात्र होड्यांच्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून पाण्यावरचा सगळा खर्च 30 होड्यांच्या शुल्कात बसेल असाच आराखडा करावा, आणि प्रायोजकाचा पैसा बक्षिसे, भोजन, मंडप अशा किनाऱ्यावरच्या गोष्टींसाठी ठेवावा. प्रायोजकाने आयत्या वेळी हात आखडता घेतला तर जेवण साधे होते, पण बचावहोडी कमी पडली तर माणसाच्या जिवावर बेतते.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबद्दल समित्यांत मोठा गैरसमज आढळतो. कंपनी कायदा 2013च्या सातव्या अनुसूचीत ऑलिंपिक व राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळांसाठीच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, पण स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व 2021च्या नियमांनुसार या निधीत धरले जात नाही. म्हणजे शिडावर बोधचिन्ह हवे असलेल्या कंपनीकडे जाहिरात खात्यामार्फत जावे, आणि स्पर्धेला जोडून मुलांचे प्रशिक्षण शिबिर घेणार असाल तरच दुसऱ्या दारी, म्हणजे दायित्व निधीकडे, जावे.

पहिल्यांदाच स्पर्धा भरवणाऱ्या, खात्यात शिल्लक नसलेल्या समितीला मी हैदराबाद आणि जुलै हाच पर्याय सुचवेन. ज्या समितीकडे स्वतःच्या बचावहोड्या आहेत आणि समुद्राची माहिती असलेला शर्यत अधिकारी आहे, तिने खुशाल मुंबईत यावे, पण जानेवारी ते मार्चमध्ये. आणि सुट्ट्या पाहण्याआधी तिथी पाहाव्यात, म्हणजे अष्टमी ते दशमीच्या भांगाच्या (सर्वांत कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत ओघ मंद असताना महत्त्वाच्या शर्यती घेता येतील.