बनावे की सगादा? फिलिपिन्सच्या डोंगरात एकाच ठिकाणी जायचं असेल तर

जून २०२५ पासून आपल्या पासपोर्टवर फिलिपिन्समध्ये १४ दिवस बिनव्हिसा राहता येतं, तेव्हापासून खूप जण विचारतात की बीच झाले, आता मनिला ज्या लुझोन बेटावर आहे त्याच्या उत्तरेकडच्या डोंगरातही जायचंय पण हाताशी दोन-तीनच दिवस आहेत, तर बनावे करू की सगादा. दोन्ही कॉर्डिलेरा डोंगररांगेतल्या म्युन्सिपालिटी, म्हणजे एक मुख्य गाव, डोंगरात पसरलेले त्याचे बारांगाय म्हणजे वाड्या-वस्त्या, आणि सगळ्यांचा मिळून एक निवडून आलेला मेयर. डोंगरउतारावरच्या भातखाचरांसाठी प्रसिद्ध असलेलं बनावे इफुगाओ प्रांतात, वस्ती साधारण २० हजार. सगादा माउंटन प्रॉव्हिन्समध्ये, वस्ती ११ हजारांच्या आसपास. दोघांमध्ये बोंतोकमार्गे गाडीनं दोन-तीन तास.

माझं मत आधीच सांगते. एप्रिल ते जून जात असाल तर डोळे झाकून बनावे, पण मुक्काम बनावे गावात नाही, तिथून आत असलेल्या बाताद या वस्तीत. नोव्हेंबर-डिसेंबरात जात असाल, किंवा शेती बघण्यापेक्षा गुहा-दऱ्यांमध्ये हिंडायची आवड असेल तर सगादा.

बनावेबद्दल लोकांची निराशा का होते ते नीट समजून घ्या, कारण त्यावरच सगळं ठरतं. रात्रीची बस पकडून मनिलाहून नऊ-दहा तासांनी सकाळी बनावेत उतरायचं, व्ह्यूपॉइंटवर जायचं, फोटो काढायचा आणि दुपारी सगादाची गाडी धरायची, असा बहुतेकांचा प्लॅन असतो, आणि मग म्हणतात छान आहे पण फोटोत बघितलं होतं तेवढंच. अहो, त्या व्ह्यूपॉइंटवरून दिसणारी खाचरं तर युनेस्कोच्या यादीतसुद्धा नाहीत! १९९५ मध्ये जागतिक वारसा म्हणून जे पाच समूह घेतले त्यातले बाताद आणि बांगआन हे दोन बनावे म्युन्सिपालिटीतच आहेत, पण गावापासून लांब आत. बातादला जीप किंवा ट्रायसिकलनं, म्हणजे साइडकार जोडलेल्या मोटारसायकलनं, जेवढा रस्ता आहे तेवढं जायचं आणि पुढे पायी उतरायचं. तिथे समोर अख्ख्या डोंगरावर एखाद्या प्रेक्षागारासारखी गोल चढत गेलेली खाचरं दिसतात, आणि बांध मातीचे नाहीत, दगड रचून केलेले. त्या बांधांवरूनच चालत पलीकडे तापिया धबधब्याला जाता येतं. पायऱ्या उंच आहेत, परत वर येताना दम निघतो, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर बांगआन बरं, ते रस्त्यावरूनच छान दिसतं.

कोकणात किंवा मावळात ज्यांनी लावणी केलीय त्यांना इथे सांगावं लागत नाही की एवढ्या चढावर पाणी धरून ठेवणं म्हणजे काय काम असतं. खाचरांच्या वर प्रत्येक कुटुंबाचं राखलेलं जंगल असतं, त्याला मुयोंग म्हणतात, तिथे मुरलेलं पाणी पाटांनी खाली एकेका खाचरात उतरतं, आणि म्हणून वरचं जंगल तोडलं की खालची शेती गेलीच. भाताची पारंपरिक जात तिनावोन, वर्षातून एकदाच येते. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला खाचरं पाण्यानं भरलेली आणि लावणी चाललेली, एप्रिल ते जून हिरवीगार, साधारण जुलैत कापणी, आणि त्यानंतर बरेच महिने रंग उतरलेला, त्यामुळे ऑक्टोबरात जाऊन हिरवं का नाही म्हणू नका. ही खाचरं दोन हजार वर्षं जुनी असं सगळीकडे सांगतात, पण अलीकडच्या उत्खननांवरून काही पुरातत्त्व अभ्यासक म्हणतात की इथली भातशेती स्पॅनिश लोक आल्यानंतरची, म्हणजे चारेकशे वर्षांपूर्वीची असावी, स्पॅनिशांपासून वाचायला लोक डोंगरात वर सरकले तेव्हाची. मला तर हे ऐकून त्यांचं कौतुक अजूनच वाढलं, इतक्या कमी काळात एवढं उभं केलं! तरुण मुलं शेती सोडून शहरात जातात, बांध ढासळतात, म्हणून २००१ मध्ये हे धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेलं होतं आणि २०१२ मध्ये बाहेर आलं. म्हणूनच मी म्हणते की बातादला एखाद्या घरगुती होमस्टेत एक रात्र तरी राहा, तुमचे पैसे बांध राखणाऱ्या घरांच्या हातात पडतात. कापणीच्या वेळी बायका हुदहुद म्हणतात, फार लांबलचक कथागीतं आहेत ती, नशीब असेल तर कानावर पडतील.

आता सगादा. उंची साधारण १५०० मीटर, पाइनची झाडं, थंड हवा, डिसेंबर-जानेवारीत तर स्वेटर पाहिजेच. गाव म्हणून राहायला सगादा बनावेपेक्षा कितीतरी छान आहे, यात वादच नाही. बनावेचं मुख्य गाव दाटीवाटीचं आणि उतारावर कसंबसं बसलेलं, सगादात मात्र पायी फिरावं, अरेबिका कॉफी प्यावी, विणकाम बघावं, रात्री नऊनंतर सगळं शांत कारण तिथे कर्फ्यूच असतो. बघण्यासारखं म्हणजे इको व्हॅलीतल्या कड्याला लटकवलेल्या शवपेट्या. कांकनाए लोकांची ही जुनी पद्धत, पेटी लहान कारण मृताला पाय पोटाशी घेऊन बसवायचे, आणि सगळ्यांना हा मान मिळायचा नाही. लुमियांग गुहेच्या तोंडाशी एकावर एक रचलेल्या पेट्या आहेत, तिथूनच आत शिरून सुमागुइंग गुहेतून बाहेर पडायचं, तीन-चार तास दोर धरून, पाण्यातून, अंधारात. धाडस हवं असेल तर याला तोड नाही, पण बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी फक्त सुमागुइंगच करा. ही लोकांची स्मशानं आहेत, पेट्यांना हात लावणं, सेल्फीसाठी चढणं असलं काही कृपया करू नका. टुरिझम ऑफिसात नोंदणी आणि गाइड सक्तीचा आहे, दर ग्रुपवर ठरलेले, म्हणून एकटे असाल तर तिथेच दुसऱ्या कोणाबरोबर जोडून घ्या. गावाचा विधी चालू असेल तर काही वाटा बाहेरच्यांना बंद असतात, तेव्हा हुज्जत घालू नये.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारींना सगादा जरा सोपं, भाजी-भात, दही, ऑम्लेट मिळून जातं. बातादला भात आणि साधी भाजी, पण त्यात मासळी आंबवून केलेलं बागोओंग घातलेलं नाही ना हे आधीच विचारा. मांसाहारींनी सगादात एताग म्हणजे मीठ लावून मुरवलेलं डुकराचं मांस खाऊन बघा. दोन्हीकडे रोख पेसो जवळ ठेवा.

जुलै ते ऑक्टोबर वादळांचा काळ, दरडी कोसळतात, गुहेत पाणी चढतं, तेव्हा दोन्ही टाळा. ईस्टरच्या आठवड्यात सगादा तुडुंब भरतं, खोली मिळत नाही. आणि तिसरा दिवस मोकळा निघालाच तर मनिलाहून थेट सगादाला जाणाऱ्या बसेस बनावेवरूनच जातात, दोन रात्री बातादला काढून मग बोंतोकमार्गे वर जा, उलटं करू नका, कारण गुहेनंतर पाय इतके बोलतात की बातादच्या पायऱ्या नकोशा होतात.