मिली आणि कप, दोन्ही खुणांचा काचेचा जग : काही महिने वापरल्यावर

अर्धा लिटरचा जाड काचेचा मेजरिंग जग. एका बाजूला मिली, दुसऱ्या बाजूला कप. चोच चांगली आहे, ओतताना ओघळ बाहेर येत नाही. मिलीच्या खुणाही बरोबर आहेत. रिकामा जग वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि २५०च्या रेघेपर्यंत पाणी भरलं की काटा २५० ग्रॅमच्या आसपासच थांबतो. ही तपासणी मात्र पाण्यानेच करायची. तेल हलकं आणि मध जड, त्यांचे मिली आणि ग्रॅम जुळत नाहीत.

तक्रार आहे ती कपाच्या बाजूबद्दल. 'एक कप'ची रेघ २५०च्या जरा खाली येते, कारण तो अमेरिकी कप आहे, साधारण २३७ मिलीचा. तसं जगावर कुठेही छापलेलं नाही! ऑस्ट्रेलियाचा कप २५०चा, जपानचा २००चा. एका कपामागे १३ मिली इकडेतिकडे झाले तर कोणाला पत्ताही लागत नाही. पण चार कप घेतले की २५०च्या हिशेबाने लिटर भरतो आणि या जगाने ९४६ मिलीच. सगळंच एका कपाने मोजलं तर प्रमाण टिकतं. पीठ ग्रॅममध्ये आणि दूध कपात दिलेलं असलं की केकचं मिश्रण घट्ट का झालं ते कळत नाही.

त्यामुळे अमेरिकी कृती असेल तर मी कप २४०चा धरते. अमेरिकेत पाकिटांवरच्या पोषणाच्या तक्त्यांसाठी हाच आकडा वापरतात, आणि त्याचे भागही सुटसुटीत पडतात : अर्धा १२०, पाव ६०, तिसरा हिस्सा ८०. उरलेलं १५ मिलीच्या टेबलस्पूनने. म्हणजे ३५० मिली हवं तर एक कप, सात टेबलस्पून, वर एक टीस्पून. (ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पून २० मिलीचा, तेवढं बघून घ्या.)

५० मिलीच्या खाली खूणच नाही. ते एका अर्थी बरंच, कारण एवढ्या रुंद भांड्यात चार-पाच मिली रेघेच्या जाडीतच जातात. तिथे चमचेच घ्यावेत. वाचताना जग ओट्यावर ठेवून डोळे रेघेच्या पातळीला आणा. पाण्याची कड काचेला धरून किंचित वर चढते, माप मधल्या खोलगट भागाचं घ्यायचं. हातात उचलून पाहिलं तर तो हमखास तिरका होतो.

घासून घासून कपाच्या बाजूची लाल छपाई पुसट होत चालली आहे. मिलीची अजून शाबूत आहे, म्हणून माझं काही अडत नाही.